खाडीच्या चिखलातली मोजणी : माझा अनुभव

ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) बघायला मी बरीच वर्षं जातेय, पण चिखलात उतरले ती गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा, गाळातले किडे, खुबे, खेकडे मोजायच्या सर्व्हेत व्हॉलंटियर म्हणून. 2015 पासून हे अभयारण्य आहे, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आलं, म्हणून आधी वनखात्याची परवानगी, मगच होडी.

होडीवाले काका कोळीवाड्यातले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, द्वितीयेला दीड, त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण ओहोटी, उजेडही असतो. अष्टमीला भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी, पाणी फार मागे जातच नाही, काका म्हणाले तेव्हा येऊच नका. चिखलातून पाय काढताना आधी टाच उचलायची हेही त्यांनीच शिकवलं, नाहीतर गमबूट आतच राहतो.

काम म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइप गाळात दाबायचा, आलेला गाळ अर्ध्या मिलीमीटरच्या चाळणीत हळूहळू धुवायचा, उरेल ते बाटलीत, वर फॉर्मलिन (जीव कुजू न देणारं द्रावण) आणि रोझ बेंगॉल हा रंग. तो किड्यांना गुलाबी करतो, कचरा तसा रंगत नाही, मग ट्रेमध्ये वेचताना डोळ्यांना खूप सोपं जातं. खेकड्यांचं वेगळं, आपली सावली पडली की सगळे बिळात. तिवराच्या मुळांजवळ पंधरा मिनिटं अजिबात न हलता बसले तेव्हा एकेक वर आला, नर आपली ती एकच मोठी नांगी वरखाली करत होते, मी मोजायचंच विसरले, परत पहिल्यापासून सुरुवात.

पहिल्या फेरीच्या बारा बाटल्या मात्र वाया गेल्या. लेबलं मार्करने बाहेरून लिहिली होती, सांडलेल्या फॉर्मलिनने शाई गेली, कुठली बाटली कुठल्या जागेची काहीच कळेना. खूप वाईट वाटलं, कारण ते जीव आम्ही मारलेच होते ना. तेव्हापासून ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाकते, तुम्ही करणार असाल तर प्लीज हेच करा.

पुढच्या अमावास्येनंतर त्याच बारा जागा परत केल्या. एका बाटलीत काडीएवढा लांब गुलाबी किडा निघाला, दोन्ही बाजूंना बारीक पायांची रांग, भिंगाखाली प्रत्येक पाय वेगळा दिसत होता. तुतवार (चिखलातले छोटे पाणपक्षी), मोठे रोहित गाळात चोच घालतात ते असल्याच जिवांसाठी. नोंदवहीत त्याचं नाव अजून कोरं आहे, ओळख पटवायला तो तज्ज्ञांकडे पाठवलाय.