मागची साडी

हरणांच्या कळपात एक तरी मान वर असतेच. बाकीच्या खाली, चरण्यात गुंतलेल्या. थोड्या वेळानं ती खाली जाते आणि दुसरी कुठली तरी वर येते. पाळ्या कुणी लावून दिलेल्या नसतात, पण सगळा कळप एकदम गाफील असा सापडत नाही. औशाकडून निलंग्याकडे जाताना हरभऱ्याच्या रानात असा कळप दिसला, की मी गाडी हळू करतो आणि आधी ती वरची मान शोधतो. बहुतेक वेळा ती हरणीची निघते. काळा, पिळाच्या शिंगांचा नर ऐटीत बाजूला उभा असतो खरा, पण त्याचं निम्मं लक्ष दुसऱ्या नरांवर. राखण बायकांनी करायची, ही रीत तिकडंही आहेच म्हणायची.

काळवीट कॅमेरेवाल्यांना आवडतं, त्याचं कारण समोर दिसतं. पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं. शिंगं चितळ-सांबरासारखी गळून पुन्हा येणारी नव्हेत, जन्मभराची. मात्र हीच काळ्या-पांढऱ्याची जोडी फोटो काढताना छळते. पाठीचा काळेपणा नीट यावा म्हणून प्रकाश वाढवला तर पोट जळतं, म्हणजे नुसतं कोरं पांढरं उरतं. पोट सांभाळलं तर पाठ नुसती काळी ठिक्कर. मी पोट सांभाळतो. काळोखात दडलेले केस मागाहून थोडेफार बाहेर काढता येतात, जळालेलं पांढरं मात्र ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही.

वेळ सकाळचीच. ऊन चढलं की आमची काळी जमीन तापते आणि तिच्यावरची हवा हलायला लागते. मग लेन्स कितीही भारी लावा, लांबच्या हरणाच्या कडा थरथरतातच. फोकस बिघडला म्हणून लोक लेन्स दुरुस्तीला नेतात. बिघाड लेन्समध्ये नसतो, साडेदहाच्या उन्हात असतो.

गाडीतून मात्र उतरायचं नाही. ट्रॅक्टर, टमटम, एसटी हे सगळं हरणांच्या रोजच्या ओळखीचं. खिडकीतून लेन्सचं नळकांडं बाहेर आलं तरी ती फारसं मनावर घेत नाहीत. पण दार उघडून माणसाचा पाय जमिनीला लागला, की सगळ्या माना एकदम वर. मी जुन्या जीन्सचा पाय कापून पिशवी शिवली आहे, तिच्यात ज्वारी भरली आहे. खिडकीच्या कडेवर ती पिशवी, पिशवीवर लेन्स. इंजिन बंद, नाहीतर त्याची थरथर फोटोत उतरते. शटर सेकंदाच्या हजारांशाहून जलद, फोकस डोळ्यावर, आणि मग मुकाट्यानं बसायचं.

हरीण बिचकतं म्हणजे काय होतं, ते लेन्समधून बघण्यासारखं असतं. मान उचलली जाते ती झटक्यात. दोन्ही कान पुढं वळतात, इतके की आतली फिकट लव दिसते. चावणं अर्ध्यावर थांबतं आणि हरभऱ्याचा डहाळा ओठाच्या कोपऱ्यात तसाच लोंबत राहतो. पुढचा एक पाय उचललेला, टेकवू की नको अशा विचारात. हे सगळं दोन-तीन सेकंद चालतं. त्यानंतर एक तर मान परत खाली जाते, नाहीतर एखादी हरीण चारी पाय हवेत घेऊन सरळ वर उडते आणि तिच्या मागोमाग सगळा कळप उडत, पळत सुटतो. उडीचे फोटो सगळ्यांना हवे असतात, स्पर्धेत बक्षीसही त्यांनाच मिळतं. मला मात्र उडीआधीचे ते दोन सेकंद जास्त आवडतात. उडी घेतली म्हणजे तिचा निकाल लागलेला असतो. त्याआधी ती विचार करत असते, आणि विचार माझ्याविषयी चाललेला असतो.

घरी आल्यावर दुसरं काम सुरू. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोची धार वाढवायची एक पट्टी असते, तिच्या खाली मास्किंगची पट्टी. ऑल्टचं बटण दाबून धरून मास्किंगची पट्टी सरकवली की रंगीत फोटो नाहीसा होतो आणि पडद्यावर नुसतं पांढरं आणि काळं उरतं. पांढरं तिथं धार लागणार, काळं तिथं नाही. पट्टी उजवीकडे नेत गेलं की आधी आकाश आणि मागचं पुसट रान काळं होतं, मग अंग. शेवटी कानाची कड, डोळ्याचं कडं, नाकपुडी आणि तो लोंबणारा डहाळा तेवढा उरतो. बिचकलेली हरीण एवढ्याच रेषांत मावते. खरं तर तिथंच थांबावं. पण धार लावायची चटक वाईट असते. पट्टी आणखी चार बोटं पुढं गेली की अंगावरचे केस तारेसारखे उभे राहतात आणि हरीण घासणीची केल्यागत दिसायला लागते. असले फोटो हल्ली फार बघायला मिळतात, आणि लोक त्यांना ‘काय क्लॅरिटी आहे’ म्हणतात.

माझ्या आवडत्या फोटोत त्या हरणीच्या मागं एक गुलाबी पट्टा आला आहे. जाणत्या मित्रांनी एकमतानं सांगितलं, तेवढा काढ, एका क्लिकचं काम आहे. काम तेवढंच आहे, खोटं नाही. तोंडासमोर आलेली गवताची काडी मी बिनदिक्कत पुसतो, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके तर पुसतोच पुसतो. पण तो पट्टा म्हणजे साडी आहे. आमच्याकडं रानाच्या कडेनं काठ्या रोवून जुन्या साड्या बांधतात. घरातल्या संपल्या की बाजारातून जुन्या आणतात. वाऱ्यानं साडी फडफडली की हरीण, रानडुक्कर थबकतं. काही दिवसच, पुढं त्यांना साड्यांचीही सवय होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट मारता येत नाही, आणि मारावं असं बहुतेक शेतकऱ्यांच्या मनातही नसतं. मग साडी, बुजगावणं, डबा बडवणं आणि रात्रीची जागल. साडी पुसली तर ही हरीण थेट अरण्यात जाऊन उभी राहील, आणि लातूर जिल्ह्यात जंगल तर नावापुरतं. ती बिचकली ती हरभरा खाताना. तिची मान वर आहे, कारण रानात कुणीतरी जागं असतं.

ते जागं असणारे मामा एकदा गाडीपाशी आले. “काय करायलाव सर?”

“फोटो काढायलोय, हरणाचा.”

“फोटू कशाला? घेऊन जावा की दोन-चार. लई झालीत.”

कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढं धरला. हरणीवर त्यांची नजर ठरली नाही. “ती गुलाबी आमच्या हिची. रंग उडला म्हणून दिली रानाला.” मग नंबर दिला, फोटो पाठवायला सांगितलं. मी धार-बीर नीट लावून, कापून-छाटून पाठवला. रात्री फोन. “फोटू भारी आलाय सर. पण आमचं रान कुठं दिसायलंय ह्यात? साहेबाला दाखवायचंय.” नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडायचा होता तो. रान दिसू नये, मागचं सगळं पुसट व्हावं, एवढ्यासाठीच तर मी लेन्सला एवढे पैसे मोजले होते!

सुदैवानं लेन्स मागं घेऊन काढलेली एक फ्रेम शिल्लक होती. उजेड सपाट, वर विजेच्या तारा, खाली ठिबकच्या नळ्या, मधे अख्खा कळप आणि खाल्लेला हरभरा. ती पाठवली. मामा खूश झाले. “ह्यात बरोबर दिसायलेत. फक्त निम्मी हरणं बांधाच्या पलीकडं, शेजाऱ्याच्या रानात हायत. कंपुटरवर तेवढी अलीकडं सरकवता येतेत म्हणं?”