मारून का टाकत नाही?

व्याख्यान संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, आणि 2020 नंतर तर बँकेच्या रांगेतसुद्धा मला हेच विचारतात : "मॅडम, ती रक्त पिणारी वटवाघळं एवढे रोग पसरवतात, तर सरळ मारून का टाकत नाहीत?" दर वेळी मी उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि घरी येऊन तळमळते. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. रक्त पिणारं वटवाघूळ आपल्याकडे नाही. त्यांच्या जाती तीनच, तिन्ही अमेरिकेतल्या, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत. आपल्या पडक्या वाड्यांत मोठ्या कानांचं जे दिसतं ते बेडूक, उंदीर, किडे खातं. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या हे खरं, पण तीही रक्त पिणारी नव्हेत. आणि आपल्याकडे माणसाला रेबीज होतो तो बहुतेक कुत्र्यामुळे. तेव्हा कृपा करून घरामागच्या झाडावरच्या वटवाघळांना यात ओढू नका. मी बोलते ते दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातल्या, रक्त पिणाऱ्या वटवाघळांबद्दल.

हातात धरलं तर वजन जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम. लांब अंगठे टेकवत ते जमिनीवर चालतं, चक्क पळतं. गुराच्या कातडीखाली रक्त कुठे वर आहे ते नाकाने, उष्णतेवरून हुडकतं. पुढच्या दातांवर इनॅमलचा थर नसतो, म्हणून ते कायम वस्तऱ्यासारखे. शोषत नाही, चाटतं. लाळेमुळे रक्त गोठत नाही. स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पितं आणि पिता पिताच लघवी करून जड पोट हलकं करतं, नाहीतर उडताच येणार नाही. दोन-तीन रात्री उपास पडला की मरतं. म्हणून पोट भरलेली वटवाघळं भुकेल्या सोबतिणीच्या तोंडात थोडं रक्त उलटून देतात. कोस्टा रिकातल्या निरीक्षणांवरून जेराल्ड विल्किन्सन यांनी 1984 साली हे मांडलं. मी पशुवैद्यकीची पदवी घेऊन पेरूला गेले ती या एका गोष्टीच्या प्रेमात पडून. तो दोष असेल तर कबूल आहे.

आपुरीमाक नदीच्या खोऱ्यात माझं दुसरं वर्ष चालू होतं. एका शेतकऱ्याने मला गोठ्यात नेऊन गाय दाखवली. मानेवर रक्ताचा वाळलेला ओघळ, त्यावर माश्या. त्याने विचारलं ते तुमच्यासारखंच : "दोक्तोरा, मारत का नाही तुम्ही त्यांना?" दोक्तोरा म्हणजे डॉक्टरीणबाई. मी त्याला उपाशी सोबतिणीला घास देणाऱ्या वटवाघळांची गोष्ट सांगितली. चांगली अर्धा तास सांगितली. तो ऐकत राहिला, मान डोलावली, मला उकडलेला मका खायला दिला. गुरांना रेबीजची लस टोचली आहे का, हे मी विचारलं नाही. पशुवैद्य असून विचारलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी सकाळी निरोप आला, गाईच्या घशात काहीतरी अडकलंय. मी गोठ्याच्या दारात पोचले तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गाईच्या तोंडात होता. गाय मागच्या पायांतून बसली होती, उठायला गेली की फरफटत होती. लाळेची तार जमिनीपर्यंत. वटवाघळांकडून येणाऱ्या रेबीजमध्ये जनावर पिसाळतंच असं नाही. बरेचदा ते लुळं पडतं, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं घशात काही अडकलंय. मला ते पाठ होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ओरडले. त्याने दचकून हात बाहेर काढला. पालथ्या हातावर मक्याच्या पात्यांनी कापलेल्या बारीक बारीक रेघा होत्या आणि त्यांवर लाळ चकाकत होती. त्याची बायको पत्र्याच्या डब्याने पाणी ओतत होती, मी साबण लावत होते, घड्याळ बघून 15 मिनिटं. तेवढ्या वेळात तो एकच वाक्य बोलला : "मी तुम्हाला विचारलं होतं." मग मालट्रकमधून तालुक्याच्या गावी, लस आणि सीरम. तो वाचला. गाय दुसऱ्या संध्याकाळी गेली. मेंदूच्या नमुन्यात रेबीज निघाला.

आठवड्याने गावकऱ्यांनी गुहेत टायर पेटवले. मी गेले तेव्हा आत जळक्या रबराचा वास कोंडला होता. मेलेली वटवाघळं एकेक करून उलटी केली. बहुतेकांच्या नाकाडावर पिवळे परागकण होते. ती फुलांतला मध पिणारी. रक्त पिणारी चारच सापडली. बाकीची उडून गेली होती, कुठे ते कुणालाच माहीत नाही.

तेव्हापासून कित्येक वर्षं मी ठासून सांगायचे की मारून काहीही होत नाही. पुरावा होता. पेरूतच, जिथे मोहिमा काढून वटवाघळं मारली तिथल्या उरलेल्या वटवाघळांत रेबीजच्या विषाणूची लागण घटली नव्हती. मारायची रीत अशी, की पकडलेल्यांच्या पाठीला रक्त पातळ करणारं विषारी मलम फासून सोडायचं. बाकीची त्यांना चाटून साफ करतात आणि मरतात. ज्या मायेची गोष्ट मी सांगत फिरायचे, तिच्याच वाटेने विष जातं. ते मला आजही सहन होत नाही.

पण 2023 साली पेरूतल्याच एका मोहिमेचा अभ्यास आला. विषाणू पोचायच्या आधी वटवाघळं कमी केली तर त्याचा प्रसार मंदावला. पोचल्यानंतर मारली तर उलट वाढला. उरलेली इकडेतिकडे जात असावीत. म्हणजे माझं 'काहीही होत नाही' हे चुकीचं होतं. टायर पेटवणं चुकीचं होतं हेही तितकंच खरं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, दार नसलेल्या घरांत झोपलेल्या मुलांना ही वटवाघळं चावतात, मुलं मरतात, लस मिळायला होडीतून जावं लागतं. तिथल्या आईने मला हा प्रश्न विचारला तर घास भरवण्याची गोष्ट माझ्या तोंडातून निघणार नाही. तुम्हाला मात्र अजून सांगते. का, ते मला नीट उलगडलेलं नाही. एवढं कळतं की त्या खोऱ्यात ही वटवाघळं एवढी वाढली ती माणसाने रात्रभर एका जागी बांधून ठेवलेल्या गुरांमुळे. आणि तीन मोजून वासरं असलेल्या माणसाला हे ऐकवून काय उपयोग, हेही कळतं.

पेरूतून निघायच्या आधी त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन उरलेल्या गाईला आणि वासरांना मीच लस टोचली. त्याने गाईचं मुस्कट धरलं होतं, हातावरच्या रेघा भरून आल्या होत्या. ही लस दर वर्षी द्यावी लागते, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी कोण येणार?" माझं विमान चार दिवसांनी होतं.