हनोईच्या जुन्या पेठेत काय, कुठे आणि किती वाजता खायचं

मुंबईहून व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईला, थेट विमान सुरू झाल्यापासून ओळखीतलं कुणी ना कुणी इकडे येतच असतं. निघण्याआधी फोनवर प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला, "तिथलं अस्सल जेवण मिळेल असं एखादं चांगलं हॉटेल सांग ना." मी हॉटेलचं नाव सांगत नाही. "भूक किती वाजता लागणार आहे?" असं विचारते. कारण जुन्या हनोईत जेवण घड्याळावर चालतं. सकाळी सातला जिथे टेकायला जागा नसते, त्या दुकानात साडेदहाला पातेली घासून झालेली असतात. दुपारी बाराला ज्या गल्लीत कोळशाचा धूर दाटतो, तिथे रात्री तो पदार्थ मागितलात तर माणसं तुमच्याकडे बघत राहतील. आणि एका दुकानात बहुधा एकच पदार्थ असतो. मेनूकार्ड नाही, कारण निवडायचं काही नाही. किती वाट्या हव्यात तेवढी बोटं दाखवायची.

हे असं का, ते पेठेतून चालताना उलगडतं. होआन किएम तळ्याच्या उत्तरेला जो जुना भाग आहे त्याला इथले लोक 'छत्तीस पेठा' म्हणतात. बहुतेक रस्त्यांची नावं 'हांग' या शब्दाने सुरू होतात. हांग म्हणजे विकायचा माल. हांग बाक चांदीची, हांग क्वात पंख्यांची, हांग दुओंग साखरेची, हांग मा कागदी वस्तूंची. एकेका गावातले कारागीर राजधानीत आले, एकेका गल्लीत वसले, आपला धंदा आणि आपलं ग्रामदैवत दोन्ही सोबत घेऊन. बऱ्याच गल्ल्यांतला माल आता बदललाय, पण हांग बाकमध्ये अजून सोनार आहेत, हांग मामध्ये पितरांसाठी जाळायचे कागदी कपडे आणि नोटा अजून मिळतात, आणि लान ओंग रस्त्यावर शिरलं की काढ्याच्या मुळ्या-सालींचा वास नाकात भरतो. घरं अरुंद आणि लांबच लांब. पुढे दुकान, मागे आणि वर बिऱ्हाड. अशा घरात एक कुटुंब एकच वस्तू पिढ्यान्‌पिढ्या करत राहिलं. खाण्याच्या दुकानांनीही तोच रिवाज धरला. आजीचा रस्सा नातू उकळतो, आणि दुसरा पदार्थ करून बघण्याचं त्याच्या मनातही येत नाही. माझ्या लेखी हनोईतलं अस्सल खाणं ते हेच. पन्नास पदार्थांचे फोटो लावलेलं जाडजूड मेनूकार्ड हातात आलं तर खुशाल उठून चालू लागावं.

सकाळ फोची. फो म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवयांचा रस्सा. मूळ नाम दिन्हच्या बाजूचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोईत रुजलेला. हाडं रात्रभर उकळायची, त्यात विस्तवावर भाजलेलं आलं आणि छोटे कांदे, दालचिनी, चक्रीफूल, मसाला वेलची. वास ओळखीचा वाटेल, चव मात्र आपल्या कुठल्याच रश्श्याची नाही. इतका मसाला घालूनही तो पाण्यासारखा नितळ राहतो. ४९, बात दान रस्ता हे त्याचं नावाजलेलं ठिकाण. रांगेत उभं राहायचं, आधी पैसे द्यायचे आणि गरम वाटी आपणच उचलून जागा शोधायची. २०२३ मध्ये चांगली खाण्याची ठिकाणं निवडणारं मिशेलिन गाइड पहिल्यांदा हनोईत आलं तेव्हा त्यांनीही या दुकानाची नोंद घेतली, पण रांग त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. दक्षिणेकडच्या सायगॉनमध्ये फोबरोबर पाल्याचं ताट आणि मोड आलेले मूग देतात. इथे ते मागू नका. इथे लिंबू, मिरची, लसूण घातलेला व्हिनेगर आणि बुडवून खायला तळलेल्या पिठाच्या कांड्या. रश्श्याची चव झाकली जाऊ नये हा इथल्या लोकांचा आग्रह आहे, आणि मला तो पटतो.

बात दानचा फो गाईच्या मांसाचा असतो, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. आपल्याकडच्या पुष्कळांना ते चालत नाही. त्यांनी कोंबडीचा फो खावा. तो काही तडजोडीचा पदार्थ नव्हे. १९३९च्या सुमारास हनोईत सोमवारी आणि शुक्रवारी गाईचं मांस विकायला बंदी होती, त्या दिवसांपुरता फोवाल्यांनी कोंबडी वापरून पाहिली आणि ती टिकली, असं सांगतात. ५बी, फू झोआन रस्त्यावर तो फार छान मिळतो. रश्श्याशिवायचा, कोरडा कालवलेलाही असतो. ऊन वाढलं की मी तोच घेते.

सकाळीच खायचा दुसरा पदार्थ म्हणजे बान कुओन, आणि खाण्याइतकाच तो बघण्याचाही आहे. १४, हांग गा इथल्या दुकानात दारातच मोठं भांडं असतं. पाणी खदखदत असतं आणि तोंडावर कापड ताणून बांधलेलं. बसलेली बाई तांदळाच्या पातळ पिठाचा एक डाव त्या कापडावर ओतते, डावाच्या पाठीने गोल फिरवते, झाकण ठेवते. आपण चार शब्द बोलेपर्यंत झाकण निघतं. मग बांबूची चपटी काठी त्या पापुद्र्याखाली सरकवून ती तो अलगद उचलते, एवढा पातळ की पलीकडची काठी दिसते, आणि तेल लावलेल्या ताटावर पसरते. आत डुकराचा खिमा आणि काळ्या अळंब्यांचं चिमूटभर सारण, गुंडाळी, वर तळलेला कांदा. सारण ताटावर पडेपर्यंत दुसरा डाव कापडावर गेलेला असतो. मी तिथे मुद्दाम दाराजवळचं स्टूल धरते. एका हाताचं काम संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं, आणि सकाळभर त्यात खंड नाही.

सोय सेओ मिळतो ३५बी, न्गुएन हू हुआन रस्त्यावर. हळदीने पिवळा केलेला चिकट भात, त्यावर शिजवून घट्ट गोळा केलेल्या मूगडाळीचे सुरीने पाडलेले पातळ काप, वर भरपूर तळलेला कांदा. हळद, मूगडाळ, भात. पहिला घास घेताच आपल्या माणसाचा चेहरा खुलतो. शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहायला हवं. वाढताना त्यावर चरबीचा एक चमचा घालतात. नको म्हणून आधीच सांगावं लागतं.

दुपार बून चाची. ही वेळ चुकवू नका. अकरा वाजले की पेठेच्या कोपऱ्याकोपऱ्यावर कोळसे फुलू लागतात, तारेच्या जाळीत डुकराच्या मांसाच्या चकत्या आणि छोट्या टिक्क्या दाबून पंख्यासमोर धरलेल्या असतात आणि धूर सरळ रस्त्यावर येतो. दुकान शोधायला पत्ता लागत नाही. समोर येते कोमट पातळ रसाची वाटी: न्युक माम (आंबवलेल्या माशाचं खारट पाणी), व्हिनेगर, साखर, लसूण, कच्च्या पपईचे काप. त्यात ते खरपूस मांस बुडालेलं. बाजूला तांदळाच्या बारीक शेवया आणि पाल्याची टोपली. शेवया थोड्या थोड्या बुडवायच्या, वर पानं तोडून टाकायची. एका बाजूने जांभळं दिसणारं तिया तोचं पान नक्की घ्या, त्याच्या वासाने मांसाचा तेलकटपणा उतरतो. १, हांग मान्ह इथे वाढतात भरभरून. हांग क्वातमधल्या ७४ नंबरच्या बोळातलं दुकान मला जास्त आवडतं. बसायची अडचण, पण टिक्की कोळशावरून थेट वाटीत. २०१६ च्या मे महिन्यात ओबामांनी जिथे बून चा खाल्ला ते ले वान हू रस्त्यावरचं दुकान तळ्याच्या दक्षिणेला आहे, पेठेबाहेर. सगळे पाहुणे तिथे न्यायला सांगतात. जरूर जा, पण पेठेतल्या धुरात बसून खाल्ल्याशिवाय परत जाऊ नका.

आता माझ्या सर्वांत लाडक्या पदार्थाकडे येते, चा का. हनोईत एका रस्त्याचं नावच या पदार्थावरून पडलंय. पूर्वी ती रंग-लाखेची पेठ होती, हांग सोन. तिथल्या १४ नंबरच्या घरातलं दोआन कुटुंब हळदीत मुरवलेला मासा करून खाऊ घालायचं. त्यांचं दुकान १८७१ पासूनचं असल्याचं सांगतात. फ्रेंचांविरुद्ध लढणारी माणसं त्या घरात जमत, अशी आठवणही जुनी मंडळी जपून आहेत. दुकानात ला वोंगची मूर्ती होती, गळ टाकून योग्य वेळेची वाट बघत बसलेला म्हातारा, आणि लोक दुकानाला त्याच नावाने ओळखू लागले. पुढे पदार्थ एवढा गाजला की रस्ताच चा का झाला.

नदीतला कमी काट्यांचा मोठा मासा, त्याचे तुकडे हळद आणि कुलिंजनात मुरवून आधी निखाऱ्यावर भाजतात. मग तुमच्या टेबलावर शेगडी येते, तिच्यावर तेल उकळणारी कढई, आणि त्यात मासा पडतो. त्यानंतर जे येतं ते बघून मी पहिल्यांदा खुर्चीतून पुढे झुकले होते: शेपू. आपला शेपू! मूठभर नाही, ताटभर. लांब चिरलेली कांद्याची पात आणि शेपू त्या हळदीच्या तेलात लोटतात, अर्धा मिनिट परततात, इतकंच. ज्या भाजीच्या नावाने आमच्या घरात निम्मी ताटं नाकं मुरडायची, ती इथे माशाच्या बरोबरीने मानाने बसलेली. शेपूचा उग्रपणा गरम तेलात गोडावतो आणि हळदीचा मासा त्याला धरून राहतो. वाटीत शेवया, वर मासा-शेपू, भाजलेले शेंगदाणे, आणि माम तोम, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची जांभळट चटणी. तिच्यात लिंबू पिळून, साखर आणि मिरची घालून फेस येईपर्यंत घोटायचं. वास जबरदस्त आहे. कोकणात सुकटीच्या वासात वाढलेल्यांना काहीच वाटणार नाही, बाकीच्यांनी चमच्याच्या टोकाने सुरुवात करावी. ज्यांना नाहीच जमलं त्यांना न्युक माम देतात. पाहुण्यांना घेऊन मी दुओंग थान्ह रस्त्यावरच्या चा का थांग लोंगमध्ये जाते. तिथे वाढणाऱ्या बायका कढईत काय आधी आणि काय नंतर ते स्वतः हाताने दाखवतात, आणि शेपू पुन्हा मागितला तर खूश होतात.

शाकाहाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहिते. पेठेत मासळीच्या न्युक मामशिवाय पान हलत नाही, त्यामुळे "मांस नको" एवढं म्हणणं पुरत नाही. "तोय आन चाय" म्हणा: मी शाकाहारी आहे. हा शब्द बौद्ध परंपरेतला आहे, त्यामुळे त्यात मासा, अंडं काहीच येत नाही हे सगळ्यांना कळतं. बरेच जण कांदा-लसूणही वगळतात, आपल्या चातुर्मासासारखं. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला इथली कितीतरी कुटुंबं 'चाय' पाळतात. त्या दिवशी एरवी मांस विकणाऱ्या काही दुकानांतही टोफूचे आणि अळंब्यांचे पदार्थ दिसतात. दिनदर्शिका बघून पौर्णिमा गाठता आली तर गाठा. एरवी बान कुओन सारणाशिवाय मागता येतो, न्युक मामच्या जागी 'सी झाऊ', म्हणजे सोयासॉस, मागायचा. मात्र सगळं एकाच भांड्यावर होतं. कडक पाळणाऱ्यांनी फक्त 'चाय'ची पाटी असलेल्या दुकानातच जावं.

दुपारी तीनच्या सुमारास पाय दुखू लागतात. मग ३९, न्गुएन हू हुआन, कॅफे झांग. पाटीवर नाव इंग्रजी 'जी'ने सुरू होतं. दोन दुकानांमधल्या बोळातून आत गेलं की घर उघडतं. न्गुएन वान झांग मेट्रोपोल हॉटेलात कामाला होते. दुधाची टंचाई होती, म्हणून त्यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला आणि १९४६ मध्ये स्वतःचं दुकान काढलं. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात, थंड होऊ नये म्हणून. वर पिवळा घट्ट फेस, खाली कडू काळी कॉफी. अंड्याचा वास येईल ही धास्ती सोडा, येत नाही. लगेच ढवळू नका. आधी चमच्याने वरचं खा.

रात्री ता हिएनच्या चौकात ताज्या बिअरची गर्दी असते, तरुण मंडळींना तिथे मजा येते. मला तो गोंगाट सोसत नाही, मी ४, हांग कान इथे 'चे', म्हणजे वाटीतलं पातळ गोड, खायला जाते. थंडीत गरम काळ्या तिळाचं, उन्हाळ्यात बर्फातलं कमळबियांचं.

कुठेही बसलात तरी स्टूल गुडघ्याएवढं आणि रस्ता पाठीशी असणार. गुडघेदुखीवाल्यांनी तेवढी तयारी ठेवा. एका वाटीला साधारण ५० ते ८० हजार दोंग लागतात, म्हणजे आपले पावणेदोनशे ते पावणेतीनशे रुपये. चा का त्याहून महाग. रोख जवळ ठेवा. वयाने मोठ्या बाईला "को ओय" अशी हाक मारा, मावशी म्हटल्यासारखी. वाटी लवकर येते.

यायचंच तर शक्यतो ऑक्टोबरमध्ये या. टेटच्या, म्हणजे इथल्या चांद्र नववर्षाच्या दिवसांत, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, पेठेतली घरगुती दुकानं बंद असतात आणि माणसं आपापल्या गावी गेलेली असतात. शरदात मात्र 'कोम' येतो: कोवळ्या भाताचे हिरवे दाणे भाजून, कांडून, कमळाच्या पानात बांधलेले. हुरड्याच्या जातीचं खाणं, फक्त मऊ आणि दुधाळ. पूर्वी व्होंग गावातून यायचा. ते गाव आता शहरातच मिसळलंय. घरी न्यायला त्याचीच वडी घ्या, बान कोम, हिरव्या कोमच्या आत मूगडाळीचं आणि खोबऱ्याचं गोड सारण. पेठेच्या उत्तरेला ११, हांग थान इथे न्गुएन निन्हचं दुकान आहे. साखरपुड्याच्या ताटांसाठी इथे मोठ्या ऑर्डरी असतात, म्हणून सकाळी जा. वडी दोन-तीन दिवसच टिकते. विमान ज्या दिवशी असेल त्याच दिवशी घ्या आणि घरी पोचल्या पोचल्या वाटून टाका.