क्वालिटीची खुर्ची सोडून फिटर ट्रेडला

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला होते. आधी लाइनवर इन्स्पेक्शन केलं, मग प्रमोशन मिळालं आणि वर केबिनमध्ये बसले. कस्टमरची कम्प्लेंट आली की दोष का आला नि काय सुधारलं याचा एट-डी रिपोर्ट भरायचा, ऑडिट आलं की फाइली लावायच्या. पगार वेळेवर, बस दारात. नाव ठेवायला जागा नव्हती. पण आयटीआयची अप्रेंटिस पोरं आली की त्यांना व्हर्नियर, हाइट गेज ही मापं घ्यायची साधनं दाखवायला मी खाली जायचे आणि वर यायचं नाव काढायचे नाही. "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या डिपार्टमेंटला?" असं साहेबांनी एकदा विचारलंसुद्धा.

नोकरी बदलायची म्हटलं की जो तो एमबीए नाहीतर डेटा सायन्स सुचवतो. मला येतं तेच शिकवायचं होतं. एका अप्रेंटिसच्या निदेशकांनी, म्हणजे आयटीआयतल्या शिक्षकांनी, सीआयटीएसबद्दल सांगितलं. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्यांसाठीचा हा एक वर्षाचा कोर्स, मेकॅनिकल डिप्लोमावाल्यांनाही फिटर ट्रेडसाठी चालतो. मुंबईत चुनाभट्टीच्या एनएसटीआयमध्ये, म्हणजे नॅशनल स्किल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये, नंबर लागला.

खरी अडचण पैशांची. वर्षभर पगार नाही, घराचा हप्ता मात्र चालू. म्हणून राजीनाम्याआधी बरेच महिने हप्त्याइतकी रक्कम आरडीत टाकत गेले. सासूबाई म्हणाल्या, "सुखाचा जीव कशाला दुःखात घालतेस?" पण लेकीची शाळा, डबा, अभ्यास त्यांनीच सांभाळला. मी शनिवारी दादरहून पुण्याची गाडी पकडायचे.

तिथे पहिल्यांदा हातात आली ती कानस. ऑफिसात बसून बसून माझे हात मऊ झाले होते, तळव्याला फोड आले. कानस पुढे ढकलताना कापते, मागे घेताना दाबायची नाही, इथवर कुणीही सांगेल. पण स्ट्रोकच्या सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी मुठीवरच्या हाताचा जास्त, हे जमलं नाही तर पृष्ठभाग मधे फुगतो. मग ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडाकडे धरलं की कडेला फट दिसते. हाताला कळलेलं हे तोंडाने सांगायचं, तेही सोळा-सतरा वर्षांच्या पोराला, म्हणजे निराळंच काम. त्यासाठी ट्रेनिंग मेथडॉलॉजी, म्हणजे शिकवायचं कसं हा विषय. तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी या चार पायऱ्यांत प्रत्येक पाठ बसवायचा. बरोबरचे लोक विद्यार्थी होऊन समोर बसायचे आणि नंतर यथेच्छ चुका काढायचे. ऑडिटर परवडले!

कोर्स झाला म्हणजे नोकरी हातात आली, असं नाही. शिल्पनिदेशकांची, म्हणजे आयटीआयतल्या ट्रेड शिकवणाऱ्यांची, सरकारी भरती निघते तेव्हा निघते. 2022 मध्ये 1457 जागांची जाहिरात आली होती, तशी रोज येत नाही. तोवर बहुतेकांसारखी मीही आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर आहे. जेवढे तास, तेवढे पैसे. मे महिन्यात हात आखडता, आणि बिल वेळेत निघेलच असं नाही. हातात येतात ते आधीच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी. कुणी मला विचारलं तर मी आधी हाच आकडा सांगते, आवडीनिवडीचं नंतर.

हप्त्याचं गणित जुळावं म्हणून रविवारी भोसरीतल्याच एका छोट्या वर्कशॉपचं फायनल इन्स्पेक्शन करते. तिथले रिजेक्ट पीस मालकांना विचारून पिशवीत घालून आणते आणि सोमवारी पोरांच्या टेबलावर ओतते. कुठला का रिजेक्ट झाला, ते मोजून सांगा म्हणते. पुस्तकातल्या जॉबपेक्षा यावर जास्त भांडणं होतात. परवा एकाने 0.02 मिमी लीस्ट काउंटच्या, म्हणजे तेवढा बारीक फरक दाखवणाऱ्या, व्हर्नियरने तीनदा मोजून, माझ्या वर्कशॉपने टाकून दिलेला एक पीस ओके असल्याचं दाखवून दिलं. तो पीस या रविवारी मालकांना परत द्यायचाय.