फरशीखाली जाणाऱ्या कामाचे फोटो : माझा अनुभव

आमचा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय आहे. बाबांनी तीसेक वर्षांपूर्वी पुण्यात सुरू केला. कोटेशन, बिलं आणि गिऱ्हाइकांचे फोन मी बघते. आमची जुनी वेबसाइट ओळखीतल्या एकानं करून दिली होती. तिच्यावर उतरत्या छपरांची घरं होती आणि पिवळी हेल्मेटं घातलेले परदेशी कारागीर. आम्ही काम करतो सपाट स्लॅबवर, विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा मसाला यांचा थर) घालून.

मार्चमध्ये सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत बोलणी करायला गेलो होतो. सेक्रेटरींनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "ताई, यातलं तुमचं काम कोणतं?" मला उत्तर देता आलं नाही. बाबा शेजारीच बसले होते. इतक्या वर्षांत शेकडो गच्च्या कोरड्या केलेला माणूस त्या क्षणी मान खाली घालून बसला होता. ते काम आम्हाला मिळालं नाही, आणि त्याच रात्री मी नवीन वेबसाइट करायचं ठरवलं.

जिला काम दिलं तिनं पहिलीच अट घातली : फोटो तुमचेच हवेत. नेटवर सापडलेला फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो. आपल्याकडे फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, तेव्हा 'सर्चमध्ये मिळाला' असं म्हणून भागत नाही. फोटोग्राफर लावायचा विचारही केला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे मालक वेगळा करार नसेल तर आपणच असतो, तरी ते लिहून घ्यावं असं तिनं सुचवलं. पण फोटोग्राफर एक दिवस येणार आणि आमचं काम दोन-तीन आठवडे चालणार. शेवटी मीच काढायचं ठरलं, मोबाइलवर.

खरी अडचण इथून पुढे कळली. आमच्या धंद्यात चांगलं काम दिसतच नाही. तयार गच्ची सगळ्यांची सारखीच दिसते, भले खाली काहीही घातलेलं असो. जुना थर काढून स्लॅब खरवडला जातो, भेगा कोरून भरतात, नोझल (छोट्या नळ्या) बसवून ग्राउटिंग होतं, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण आत दाबून भरतात, मग विटांचे तुकडे मसाल्यात बसवत पाणी जायच्या तोंडाकडे उतार देतात. गच्चीची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात 'वाटा', म्हणजे मसाल्याची गोलाई, काढतात, कारण पाणी पहिल्यांदा तिथूनच आत शिरतं. यातला प्रत्येक थर पुढच्या थराखाली जातो. म्हणजे फोटोची वेळ एकदाच येते.

पहिल्याच साइटवर ग्राउटिंगच्या दिवशी मी बँकेत अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर अर्ध्या गच्चीवर विटा बसल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "ताई, त्या कोपऱ्यात दोन नोझल लावून दाखवतो, तुम्ही फोटो घ्या." मला मोह झाला. पण ज्या गोष्टीची लाज वाटली म्हणून हे सुरू केलं, तीच पुन्हा करायची नव्हती. ग्राउटिंगचा फोटो पुढच्या कामावर घेतला. तेव्हापासून मिस्त्री थर झाकायच्या आदल्या संध्याकाळी फोन करतात : "उद्या विटा बसणार, येताय ना?"

फोटो कसे काढायचे हे उन्हानंच शिकवलं. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराला गच्ची नुसती पांढरी दिसते, भेग दिसतच नाही. सकाळी साडेसात किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपं असतं, तेव्हा कोब्याच्या वरच्या थरात दोरीनं मारलेल्या चौकड्या उठून दिसतात. उभं राहून खाली बघत काढलेला फोटो सपाट येतो, गुडघ्यावर बसून काढला की उतार कळतो. लेन्सवर सिमेंटची धूळ बसते, म्हणून खिशात सुती फडकं ठेवायचं. भेगेशेजारी टेप धरायची, नाहीतर ती केसाएवढी आहे की बोटाएवढी हे बघणाऱ्याला कळत नाही.

माणसांचे फोटो विचारूनच काढले. एक मावशी म्हणाल्या, चेहरा नको. मग त्यांना विचारून घमेलं धरलेले हात फक्त घेतले, आणि तो फोटो सगळ्यांत सुंदर आला आहे. फोटो बघताना आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. दोघंजण ओल्या सिमेंटमध्ये अनवाणी उभे होते. सिमेंटनं कातडी जळते, हे आम्हाला माहीत होतं. बाबांनी त्याच संध्याकाळी सहा जोड गमबूट आणि हातमोजे आणले. फोटोपुरते घालायला नव्हे, ते आता रोज वापरात आहेत.

सोसायटीची परवानगी पत्रावर घेतली. फ्लॅटमधल्या फोटोंत भिंतीवरच्या तसबिरी, दारावरची पाटी आणि खिडकीतून दिसणारे गाड्यांचे नंबर येणार नाहीत अशी चौकट धरली.

फोटो पाठवताना एक चूक झाली, ती इतरांनी टाळावी. मी सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले. तिथे ते दाबून लहान होतात आणि कधी काढले ही आतली माहितीही निघून जाते. शेवटी मूळ फाइल्स ड्राइव्हवर चढवल्या, प्रत्येकीला साइट, तारीख आणि थर असं नाव देऊन. भावाच्या आयफोनवरचे एचईआयसी या वेगळ्या प्रकारच्या फाइलीत होते, ते जेपीजी करून घेतले. गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलवर जेपीजी किंवा पीएनजीच चालतं, आकार १० केबी ते ५ एमबी. ३४० फोटोंतून ४१ निवडले. निवड बाबांनी केली. मी रंग छान आलेले बाजूला काढत होते, ते वाटा नीट आलेला बघत होते. त्यांचंच ऐकलं.

साइट जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली, पण 'आधी आणि नंतर'च्या फोटोंची एक जोडी अपुरी होती. कोथरूडमधल्या एका काकूंच्या बेडरूमचं छत आम्ही मेमध्ये टिपलं होतं : ओलीनं लोणा लागलेलं, पंख्याभोवती पोपडे सुटलेले. गच्चीत पाणी साठवून ४८ तास ठेवलं होतं आणि खाली थेंब आला नव्हता. पोपडे खरवडून छत रंगवलंही होतं. वेबसाइटवाली म्हणाली, रंगवलेल्या छताचा फोटो टाकून देऊ. बाबांनी नको म्हटलं. रंग मारला की कुठलंही छत महिनाभर चांगलंच दिसतं. ती जागा त्यांनी रिकामी ठेवायला लावली आणि खाली लिहून घेतलं : 'पावसाळ्यानंतर'.

सप्टेंबरअखेर आम्ही दोघं तिथे गेलो. मे महिन्यात उभी होते त्याच फरशीवर, पलंगाच्या त्याच कोपऱ्याशी उभी राहिले, तोच पंखा चौकटीत घेतला. बाबांनी स्टुलावर चढून छताला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. काकूंनी चहा आणेपर्यंत मी फोटो ड्राइव्हवर चढवला होता.