आमची वाटचाल : फुकट वाटलेली २४ पानं

बार्शीतला आमचा स्टुडिओ रोलच्या जमान्यातला. रोल गेले, डिजिटल आलं, करिझ्मा अल्बम आले. ती वर्षं ठीक गेली, सांगण्यासारखं फार काही नाही. सांगायचंय ते ऑनलाइन फोटो एडिटिंगच्या पुस्तिकेचं, जी आम्ही फुकट वाटली आणि दुसऱ्यांनी विकली.

सुरुवात २०१८ ची. महा-ई-सेवा केंद्र चालवणारे काका आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. ते रोज दोन-चार पोरं पाठवायचे : अर्ज फोटो घेत नाही. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतो, सही १४० × ६० आणि १० ते २० केबी. पोरं ४ एमबीचा फोटो दाबून दाबून ९ केबीवर आणायची. ‘फाईल मोठी आहे’ हे सगळ्यांना कळतं, ‘लहान आहे’ हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. २०० × २३० म्हणजे जेमतेम ४६,००० पिक्सेल. तिथे सेव्ह करताना क्वालिटीचा स्लायडर ९० च्या वर न्यावा लागतो. पार्श्वभूमी अगदी सपाट असेल तर तरीही २० केबी भरत नाहीत. मग त्याच प्रमाणात २४० × २७६ करायचं, कारण २०० × २३० हे माप पसंतीचं, सक्तीचं नाही.

पुस्तिकेचं पहिलं पान हेच होतं. काका प्रत्येक पान वाचून लाल पेनाने खूण करायचे : ‘कळलं नाही’. एका पानावर तर सात खुणा होत्या.

मग फ्लॅश बुडालं, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ, एडिटर चालवणारं अ‍ॅडोबीचं सॉफ्टवेअर. आमची सगळी चित्रं, सगळ्या पायऱ्या फ्लॅशवर चालणाऱ्या एडिटरच्या होत्या. ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅश संपणार, हे २०१७ मध्येच जाहीर झालेलं होतं. आम्ही वाचलं नाही, चूक आमचीच. लॉकडाउनमध्ये लग्नं नव्हती, काम शून्य, उरलेले पैसे घालून हजार प्रती छापल्या. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश उघडेनाच. हजार प्रती रद्दीत आणि छपाईची उधारी डोक्यावर. शटर कायमचं ओढायचं असं एकदा ठरलंही होतं. तेव्हापासूनचा नियम : बटण कुठे आहे ते लिहायचं नाही, ते काय करतं ते लिहायचं. बटणं जागा बदलतात.

दुसरी आवृत्ती फोटोपी या ऑनलाइन एडिटरवर लिहिली. ब्राउझरमध्ये चालतं, फाईल आपल्याच संगणकावर राहते. मात्र टॅब बंद झाला की काम गेलं, म्हणून आधी पीएसडी (लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, जपणारी फाईल) सेव्ह करायची, जेपीजी सर्वांत शेवटी. जेपीजी पुन्हापुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी बिघडते.

पार्श्वभूमी काढण्यावर चार पानं गेली आणि ती जायलाच हवी होती. पांढरा शर्ट, पांढरी भिंत असली की मॅजिक वाँड (सारख्या रंगाचा भाग एका क्लिकवर निवडणारं साधन) कॉलरसकट खातं. टॉलरन्स (रंगात किती फरक चालेल ते) १० ते १५ वर आणा, ‘कंटिग्युअस’ (फक्त एकमेकांना लागून असलेला भाग) चालू ठेवा. खोडू नका, मास्क (लेअरचा भाग न खोडता झाकणारा पडदा) लावा : काळ्या ब्रशने झाकलं जातं, पांढऱ्याने परत येतं. खोडलेली कॉलर टॅब बंद केल्यावर परत येत नाही. सहीचा कागद करडा दिसत असेल तर लेव्हल्स (उजेड-अंधार जुळवायची खिडकी) मधला पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवा.

याच आवृत्तीवर गावातल्या एका क्लासवाल्यांनी हात मारला. आमचं नाव काढलं, मुखपृष्ठ बदललं, किंमत लावली दीडशे रुपये. विचारलं तर म्हणाले, ‘माहिती कुणाच्या बापाची नसते.’ माहिती नसेल हो, पण चूक तर आमची होती! ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ × ५३१ पिक्सेल होतो. आमच्याकडून टाइप करताना ४१३ चं ४३१ पडलं होतं. त्यांच्या पुस्तिकेतही ४३१. आम्ही पुढच्या छपाईत दुरुस्त केलं, त्यांचं अजून तेच. बरोबर मापाचे आठ फोटो ४ × ६ इंचांच्या कागदावर आडवे चार, उभे दोन असे बसतात. ४३१ नेही बसतात, म्हणून कुणाला कळलं नाही. चेहरे मात्र जरा फुगीर.

आता न विचारलेला सल्ला. नवा संगणक घेताना ४ जीबी रॅमवर अडू नका. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा एकच लेअर मेमरीत सुमारे ९६ एमबी खातो, पाच लेअर झाले की ब्राउझर धापा टाकतो. आणि प्रिंटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तिसऱ्या आवृत्तीत अडकलंय ते मराठी अक्षरांचं पान. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर-मोबाइलवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, नव्याने टाइप करायचा, मुक्ता किंवा बालू फॉन्टची फाईल फोटोपीच्या खिडकीत ओढून टाकायची. इथवर काका खूश. पण त्यांचा हात जुन्या कीबोर्डवर बसलेला, तिथे ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. उलट केलं की ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. तीन वेळा लिहून दिलं, तीन वेळा लाल खूण आली : ‘दिसते आधी, मग टाइप नंतर का?’ पान अजून टेबलावरच आहे.