लेकीचा अंगठा कसा सुटला – माझा अनुभव

माझी लेक आता साडेपाच वर्षांची आहे आणि अंगठा चोखायची तिची सवय सुटली आहे. कशी सुटली हे नात्यातल्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, घरात सासूबाई-सासरे आहेत, मी अंबडला कंपनीत नोकरी करते, म्हणजे दिवसभर लेक आजीजवळ, त्यामुळे जे काही केलं ते सगळ्या घराने मिळून केलं.

सोनोग्राफीतच तिचा हात तोंडाशी दिसला होता. तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या की बाळं पोटात असतानाच अंगठा चोखतात, ओढण्याची क्रिया उपजतच असते, जन्मल्यावर दूध ओढता यायला हवं ना. झाल्यावर आधी नुसती मूठ तोंडात कोंबायची, मग तिसऱ्या महिन्यात तिला बरोब्बर अंगठा सापडला, तोही उजवाच. मला सारखी धास्ती की हिचं पोट भरत नाहीये का. पेडियाट्रिशियननी शांतपणे समजावलं की हात तोंडाशी नेणं हे भुकेचं लक्षण असू शकतं, म्हणून आधी दूध पाजून बघायचं, दिवसातून सहा-सात वेळा शू होतेय ना, वजन वाढतंय ना ते बघायचं, आणि हे सगळं ठीक असून पोटभर पिऊनही चोखत असेल तर ते भुकेसाठी नाही, ती स्वतःला शांत करतेय. हे ऐकून खरंच जीवात जीव आला. रात्री मध्येच जाग आली तरी अंगठा तोंडात घालून आपली आपण परत झोपायची, तान्ह्या बाळाच्या आईला ही केवढी मोठी गोष्ट आहे हे वेगळं सांगायला नको.

वर्षाची झाल्यावर घरात चर्चा सुरू झाली. आईंनी (सासूबाईंनी) कोरफडीचा गर सुचवला, त्यांच्या काळी तसंच करायचे, शेजारच्या काकूंनी तर मिरची लावा म्हणून सांगितलं. मी आईंना सोबत घेऊनच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले मिरची अजिबात नाही, तोच हात डोळ्यात जातो. आणि बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या मधे आपणहून सोडतात, तोवर मागे लागू नका, नखं कापलेली आणि हात स्वच्छ ठेवा. आईंनी ते लगेच मानलं, आणि पुढे कोणी टोकलं की त्याच उत्तर द्यायच्या, याचं मला फार कौतुक आहे.

तीन वर्षांची झाली तेव्हा तो अंगठा बघवायचा नाही. पेराच्या वर कातडी जाड होऊन घट्टा पडलेला, नखाभोवती पांढरी सुरकुतलेली कातडी, आणि एकदा नखुरडं झालं, नखाची कड लाल होऊन सुजली, पू झाला, हात लावू देईना. औषधाने बरं झालं. पण दुखऱ्या अंगठ्याऐवजी ती डावा चोखायला लागली, तेव्हा कळलं की नुसतं बोट बंद करून काही होणार नाही, तिला शांत व्हायला दुसरं काहीतरी हातात द्यावं लागणार.

त्याच सुमाराला प्लेग्रुपमध्ये तिला सगळ्यांसमोर 'शेम शेम' केलं गेलं. मला याचा अजून राग येतो. त्या दिवसापासून घरी ती पडद्यामागे जाऊन चोखायला लागली, आणि आधीपेक्षा जास्त वेळ. मी जाऊन टीचरशी स्पष्ट बोलले, तिला काही म्हणू नका, हातात खडू द्या, चित्र द्या. त्यांनी ऐकलं.

चौथं लागलं तरी सुटेना म्हणून लहान मुलांच्या डेंटिस्टकडे गेलो. दात मिटले तरी पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नव्हते, मधे फट राहायची. पोळीचा तुकडा ती बाजूच्या दातांनी का तोडते ते मला तेव्हा समजलं! डॉक्टर म्हणाले किती जोर लावून आणि किती तास चोखते त्यावर सगळं असतं, पुढचे पक्के दात साधारण सहाव्या वर्षी येतात, त्याआधी सवय गेली तर अशी फट बऱ्याचदा आपोआप भरून येते, नाहीतर मग टाळूला तार बसवायचा विचार करावा लागतो.

मग आम्ही आधी फक्त बघितलं की ती नेमकी कधी चोखते. आईंनी कालनिर्णयच्या कडेला लिहून ठेवलं. टीव्ही बघताना, गाडीत, शाळेतून दमून आल्यावर आणि झोपताना, बाकी वेळी जवळजवळ नाहीच. म्हणून दिवसापासून सुरुवात केली. थंडीचे दिवस होते, टीव्हीसमोर बसली की आई तिच्यापुढे मटार सोलायला ठेवायच्या, नाहीतर द्राक्षांचा घड, मणी तोडून वाटीत टाकायचे. दोन्ही हात गुंतलेले असले की तिला आठवणही यायची नाही. शाळेतून आली की आधी खायला आणि मग थोडा वेळ मांडीवर, कारण दमलेलं पोरच अंगठा शोधतं. दिवस चांगला गेला की रात्री तिने स्वतः कॅलेंडरवर टिकली चिकटवायची, टिकल्यांचं पाकीट मेनरोडवरून तिनेच निवडून आणलेलं. नाही जमलं तर काही बोलायचं नाही, आधीच्या टिकल्या काढायच्या नाहीत, हा नियम तिच्या बाबांनी घातला आणि तो सगळ्यात उपयोगी पडला असं मला वाटतं.

रात्र मात्र अवघड होती. तिला विचारूनच हाताला सुती मोजा घालायचो, पहिल्या काही रात्री तो पहाटे पायथ्याशी सापडायचा, झोप लागायला तासतास जायचा, रडायची, मलाही सकाळी ड्युटी असायची. माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा दिला तेव्हा फरक पडला, त्याचा काठ बोटात घोळवत आणि आजीकडून पाठ थोपटून घेत झोपायला लागली. दिवाळीत माझ्या माहेरी सिन्नरला गेलो तिथे परत सुरू झालं, घर बदललं की होतं तसं, आम्ही गप्प राहिलो, घरी आल्यावर हळूहळू गेलं.

मागच्या चेकअपला फट बरीच कमी झालेली दिसली, तार वगैरे काही लागणार नाही असं डॉक्टर म्हणाले, पक्के दात यायला लागले की पुन्हा दाखवायचंय. ताप आला की कधीतरी अजून अंगठा तोंडात जातो, तेव्हा आम्ही काढत नाही.